पोराला कबड्डी अकॅडमीत टाकलं त्याचा दोन वर्षांचा हिशेब

पाचपैकी साडेतीन. शिकवण्याला साडेचार, बाहेरच्या बोर्डाला एक, बाकीचं खाली वाचा. अकॅडमीचं नाव लिहीत नाहीये, गुहागर-चिपळूण पट्ट्यातली आहे एवढं पुरे, कारण इथं सगळे सगळ्यांना ओळखतात आणि उद्या मी बांगडे आणायला गेले की सरांच्या घरचंच कोणीतरी शेजारी उभं असणार. तसंही प्रो कबड्डी टीव्हीवर आल्यापासून अशा अकॅडम्या पावसाळ्यातल्या अळंबीसारख्या उगवल्यात, त्यामुळे नाव बदलून वाचलंत तरी बरंचसं लागू पडेल.

आधी माझं सांगते म्हणजे मी कुठून बोलतेय ते कळेल. मी स्वतः कुमारी गटात खेळलेय, उजवा कोपरा, शेणाने सारवलेल्या अंगणात आणि शाळेच्या लाल मातीत, जांभ्याचा खडा गुडघ्यात घुसला की आई हळद भरायची तो जमाना. जिल्ह्याच्या पुढे गेले नाही, पुढे लग्न, आता पतपेढीत कॅशवर बसते. त्यामुळे मुलगा अकरा वर्षांचा असताना "मला कबड्डी शिकायचीय" म्हणाला तेव्हा मी ह्यांना विचारलंसुद्धा नाही, सरळ जाऊन फॉर्म भरला. महिना १८०० रुपये, टीशर्ट-शॉर्ट-नीकॅप मिळून १५०० आणि मे महिन्यातल्या निवासी शिबिराचे ६५०० वेगळे. आमच्याकडे ही रक्कम छोटी नाही, आंबा बरा गेला त्या वर्षी जाणवत नाही, मोहोर गळाला त्या वर्षी जाणवते.

आता बोर्ड. गेटवर हा मोठा फ्लेक्स, "उद्याचे प्रो कबड्डी स्टार इथेच घडतात", बाजूला हाताची घडी घातलेल्या एका नामांकित खेळाडूचा फोटो जो ह्या गावात कधी चहा प्यायलासुद्धा उतरला नसेल. पहिल्या दिवशी ऑफिसातल्या माणसाने मला जिना काढून दाखवला, कागदावर, पेनाने, किशोर गट, मग कुमार गट, मग प्रो कबड्डी, तीन पायऱ्या आणि वर चांदणी. मी काही बोलले नाही पण मनात म्हटलं दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीच्या मध्ये एवढं अंतर आहे की तिथं होडी लागेल.

पण शिकवणं खरंच चांगलंय हो. सर मुंबईत कंपनीकडून खेळून आलेले, पन्नाशीच्या आसपास, आवाज बसलेला. त्यांची एक पद्धत मला इतकी आवडली की मी पतपेढीतून सुटल्यावर मुद्दाम थांबून बघायचे. कोपऱ्यातल्या पोरांना पायाची पकड शिकवताना ते समोर चढाईला माणूस आणतच नाहीत सुरुवातीला, एका जुन्या पंच्याला गाठ मारतात, त्याला दोरी बांधतात आणि तो पंचा मॅटवरून ओढत नेतात, कधी हळू, कधी झटक्यात, मध्येच थांबवतात, परत मागे घेतात. पोराने बघायची ती फक्त गाठ. गाठ बोनसच्या रेषेवर आली की झेपावायचं, त्याआधी हललास तर सर दोरी खेचतात आणि पोरगा रिकाम्या मॅटवर पालथा. "लवकर गेलास म्हणजे घास दिलास" हे वाक्य आमच्या घरात आता पोळी वाढतानासुद्धा वापरलं जातं. महिनाभर नुसता पंचा. मुलगा वैतागला, म्हणाला आई मला माणूस पकडायचाय, हे धुणं नाही. आणि महिन्याने खरा चढाईवाला समोर आला तेव्हा ह्याची नजर त्याच्या तोंडाकडे गेलीच नाही, घोट्यावर. मला तिथंच रडायला आलं होतं खरं सांगते, मला हे कोणी शिकवलं नव्हतं, आम्ही आपले अंगावर धावून जायचो.

म्हणून कोचिंगला साडेचार. अर्धा का कापला ते पुढे येतंय.

मध्ये एक वेगळी गोष्ट सांगते, विषय सोडलाय असं वाटेल पण सोडलेला नाही. माझे धाकटे दीर सिडनीला असतात, पॅरामॅटाला, तिथं म्हणे आपली माणसं इतकी की गणपतीला मोदकाची उकड तयार मिळते. २०२४ च्या गणपतीत ते घरी आले होते आणि दुपारी जेवणं आटपली की पडवीत मोबाईल खांबाला टेकवून रग्बी लीग बघत बसायचे. रग्बी म्हणजे आपण टीव्हीवर बघतो ती पंधरा जणांची नव्हे, ही लीग वेगळी, एका बाजूला तेरा, आणि बॉल हातात असलेल्याला सहा वेळा पाडलं की बॉल समोरच्यांना द्यायचा. सासूबाई पाठीमागून बघत होत्या, म्हणाल्या हे कबड्डीच खेळतायत की, फक्त काखेत नारळ घेऊन. तसंच दिसतं खरं. एक धावत येतो, तिघं चौघं त्याला धरून आडवा करतात.

त्यांचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, तिथं बारा वर्षांखालच्या टीममध्ये ती लीग खेळतो. मी सहज विचारलं, भावजी तुमच्याकडे तरी ही लहान मुलांची शाळा चालते का, म्हणजे इथून पुढे जातं का कोणी. तर ते हसले आणि म्हणाले, "वहिनी, तुम्ही चुकीच्या टीमच्या माणसाला विचारलंत." पॅरामॅटाच्या आसपासचा सगळा पश्चिम सिडनी म्हणजे ज्युनिअर पोरांची खाण, रविवारी मैदानं भरून वाहतात, आणि पॅरामॅटाच्या क्लबने शेवटचा कप जिंकला तो १९८६ साली. तेव्हा भावजी बालवाडीत होते. आणि तिथून थोडं पुढे, डोंगराच्या पायथ्याशी पेनरिथ, त्यांच्याकडेही तशीच खाण, आणि त्यांनी २०२१, २२, २३, २४ असे सलग चार कप उचलले (चौथा त्या वेळी अजून व्हायचा होता, तो ऑक्टोबरमध्ये झाला, पण भावजींनी पडवीतच सांगून टाकलं होतं). २०२३ ची फायनल त्यांनी मला पूर्ण दाखवली, ब्रिस्बेनविरुद्ध २४-८ ने मागे, वीसेक मिनिटं राहिलेली, आणि नेथन क्लिअरी नावाच्या पोराने ती २६-२४ ने फिरवली. आमचा मुलगा दोन दिवस घरात क्लिअरी होऊन फिरत होता, उशी घेऊन.

आणि तिसरं उदाहरण मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटलं, मेलबर्नचं. तिथं लोकांना ही लीग धड माहीतसुद्धा नाही, त्यांचा फुटबॉल वेगळाच. १९९८ ला क्लब लीगमध्ये उतरला आणि पुढच्याच वर्षी कप. घरची पोरं नव्हतीच. क्वीन्सलँडमधून कोवळी पोरं हेरून आणली, कॅमरन स्मिथ, बिली स्लेटर, कूपर क्रॉंक, आणि त्यांना घासून घासून असं केलं की वीस वर्षं तो क्लब वरच राहिला. मध्ये पगाराच्या मर्यादेत घोटाळा करताना सापडले आणि २००७ आणि २००९ चे कप काढून घेतले गेले तेही खरं, पण त्यानंतर २०१२ आणि २०१७ ला परत जिंकलेच.

मग काय म्हणायचं? एकाकडे खाण आहे आणि कप नाही, एकाकडे खाण आहे आणि कपच कप, एकाकडे खाणच नाही तरी कप. मी रात्री भांडी घासताना ह्यावर विचार करत होते आणि मला आपल्या अकॅडमीचा तो पेनाने काढलेला जिना आठवला. पेनरिथकडे जे आहे ते पोरांची संख्या नाहीये, ती पॅरामॅटाकडेही आहे. पेनरिथकडे जिना आहे आणि त्यातली एकही पायरी गायब नाही. २०२२ ला एकाच वर्षी त्यांची १९ खालची टीम जिंकली, २१ खालची जिंकली, राखीव टीम जिंकली आणि वरची पण जिंकली, चारही. खालच्या पोराला जे शिकवतात तेच वरच्याला, त्यामुळे जरोम लुआय, ब्रायन टोओ असली एकाच भागातली पोरं वर गेली तेव्हा त्यांना एकमेकांच्या पायांचा आवाज ओळखीचा होता. कबड्डीत साखळी धरलेल्याला विचारा हे काय असतं ते. डावीकडच्याने हात कधी सोडला हे बघून कळत नाही, हातातच कळतं.

त्यातही एक गंमत आहे. तिथं पगाराला वरची मर्यादा असते, त्यामुळे पोरगं चमकलं की दुसरे क्लब जास्त पैसे देऊन उचलतात आणि घरच्या क्लबला सगळ्यांना ठेवून घेता येत नाही. क्रायटन गेला, २०२४ नंतर लुआय गेला. कलम आपलं, खत आपलं, राखण आपली, आणि पेटी वाशीला. हे कोकणातल्या माणसाला वेगळं समजावून सांगायला नको. पेनरिथ चार वर्षं टिकलं कारण एक पेटी गेली की मागे दुसरी पिकत घातलेली असायची, अढी कधी रिकामी नाही. २०२५ ला मात्र फायनलच्या आदल्या मॅचमध्ये ब्रिस्बेनने त्यांना दोन पॉइंटने काढलं, म्हणजे अढीलासुद्धा मर्यादा असते.

आपल्याकडे बघायचं तर पुणेरी पलटणने हेच केलंय. त्यांची युवा टीम आहे, तिथून अस्लम इनामदारसारखी पोरं वर आली आणि मार्च २०२४ मध्ये त्यांनी हरयाणाला २८-२५ हरवून प्रो कबड्डी जिंकली, दहावा सीझन. त्याच सीझनला तेलुगू टायटन्सने एकट्या पवन सेहरावतवर २ कोटी ६० लाखांच्या वर मोजले आणि २२ मॅचमध्ये २ जिंकून तळाला राहिले. पवन वाईट आहे का, अजिबात नाही, पण एकटा चढाईवाला काय करणार मागे साखळीच नाही तर. आणि हो, नुसती घरची पोरं असंही नाही, पलटणने त्याच वर्षी इराणच्या शादलूला २ कोटी ३५ लाखांना घेतलेलं, म्हणजे घरचा भात आणि वर विकतची सुरमई, दोन्ही पाहिजे.

पण हे सगळं झालं क्लबच्या बाजूने. क्लबला ज्युनिअर पोरं घडवून फायदा होतो का, तर होतो, धीर धरला आणि पायऱ्या पूर्ण असल्या तर. पोराला होतो का? हा वेगळाच प्रश्न आहे आणि बोर्ड लावणारे लोक दोन्ही प्रश्न एकत्र कालवून आपल्याला वाढतात. साधा हिशेब करा ना, मी कॅशवर बसते, मला सवय आहे. प्रो कबड्डीत १२ टीम, प्रत्येकीकडे वीसेक जण, म्हणजे अख्ख्या देशात अडीचशेच्या आसपास खेळाडू, त्यात इराणी वगैरेही आले. तिकडे त्या लीगमध्ये सतरा क्लब, तीस-तीस पोरं, पाचशेच्या थोडं वर. भावजी म्हणतात त्यांच्या पोराच्या क्लबमध्ये कोणी बोर्डच लावलेला नाही, नोंदणी करा, बूट आणा, रविवारी संत्र्याच्या फोडी कापून आणायची पाळी कोणाची ते बघा, एवढंच.

मी सरांना एकदा सरळच विचारलं, सर इतक्या वर्षांत आपल्या इथून प्रोमध्ये किती गेले. ते खोटं बोलले नाहीत हे मला आवडलं. म्हणाले, "मॅडम, एक जण ट्रायलपर्यंत गेला. बोर्ड मालकांनी लावलाय, मी पाय धरायला शिकवतो." मग थोड्या वेळाने स्वतःहूनच म्हणाले की चिपळूण तालुक्यातलाच शुभम शिंदे खेळला ना प्रोमध्ये, असं नाही की कोकणातून होत नाही, पण सोळा ते वीस ह्या वयात पोरगं कुठं राहणार, कोणाकडून खेळणार, खाणार काय, ते ह्या अकॅडमीच्या हातात नाही.

सगळी मेख तिथंच आहे. दहावी झाली की आमच्या अकॅडमीची बॅच संपते. त्यानंतर ज्याला खेळायचंय त्याने मुंबई गाठायची, एखाद्या मंडळाकडून खेळायचं, मामाकडे नाहीतर गावच्या खोलीवर राहायचं, दोन-तीन वर्षं कोणीतरी बघेल ह्या आशेवर काढायची. एवढ्यात बरीचशी पोरं सुटतात, आणि खेळ कमी पडला म्हणून नाही, खोलीचं भाडं जमलं नाही म्हणून.

आता तो कापलेला अर्धा. ह्याबद्दल मी खरंच भांडले होते. किशोर गटाला वय आणि वजन दोन्हीची अट असते. गेल्या वर्षी निवड चाचणीच्या आदल्या दिवशी मुलगा शिबिरातून फोनवर म्हणाला, आई मी जेवलो नाहीये. का रे? तर म्हणे सातशे ग्रॅम जास्त भरतंय. मे महिना, कोकणातला, तुम्हाला माहितीय घाम कसा असतो तो, आणि त्या उकाड्यात पोरांना अंगात जॅकेट घालून मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या होत्या, पाणी नुसतं चूळ भरायला. बारा-तेरा वर्षांची पोरं! मी स्कूटी काढली, पावणेदहाला तिथं पोचले, ह्याचे ओठ पांढरे, जीभ चिकटलेली. कोकम सरबताची बाटली घेऊन गेले होते, मीठ-साखर घातलेली, ती माझ्यासमोर प्यायला लावली आणि म्हटलं नाही भरलं वजन तर नाही भरलं. सर नजर चुकवत होते. हे सगळीकडे करतात म्हणाले. करत असतील. आमच्या वेळी पण एरंडेल पाजायचे, म्हणून ते बरोबर होत नाही. चाचणीत वजनाच्या काट्यावरून तो परत आला, मॅटवर उतरलाच नाही, आणि पंधरा दिवस माझ्याशी धड बोलला नाही. त्यानंतर दोन-तीन आयांनी मिळून सांगितलं तेव्हा ते जॅकेट प्रकरण बंद झालं, यंदा तरी दिसलं नाही. भरती करताना हा प्रश्न तोंडावर विचारा.

दुसरी तक्रार, टीम निवडताना दांडगी पोरं आधी. ज्याला तेराव्या वर्षी मिशी फुटली तो कॅप्टन. अकॅडमीला ट्रॉफी पाहिजे, ट्रॉफीचा फोटो फ्लेक्सवर जातो, फ्लेक्सवरून पुढची बॅच भरते. आम्ही गेलो तेव्हा एक पोरगा होता, सगळ्यांच्या वर डोकं, नुसता अंगावर घेऊन पाडायचा, तंत्र शिकायची वेळच आली नाही त्याच्यावर. पंधराव्या वर्षी बाकीचे त्याच्याएवढे झाले आणि तो संपला, आता लोट्याला कंपनीत जातो, भेटला की हसतो, गोड मुलगा आहे. ह्या बाबतीत तिकडचे लोक शहाणे असतील असं मला वाटलं होतं पण भावजी म्हणाले नाही वहिनी, तिथं पण तेच. जोनाथन थर्स्टन नावाचा खेळाडू, काडीसारखा म्हणून पोरवयात क्लब त्याला घ्यायला तयार नव्हते, आणि पुढे तोच चार वेळा वर्षातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. म्हणजे सातासमुद्रापार गेलं तरी काटा आधी बघतात आणि पोरगा नंतर.

छोट्या गोष्टी भराभर. पावसात मॅटला वास येतो, कुबट, नाक धरून बसावं लागतं, जुलैत पंखेसुद्धा हात जोडतात. प्रथमोपचार म्हणजे एक स्प्रे आणि एक चिकटपट्टी, गुडघ्याचं काही झालं तर थेट चिपळूण नाहीतर रत्नागिरी. मुलींची वेगळी बॅच आहे, सकाळी साडेसहाची, त्या वेळेला वाड्यांवरून एसटी नाही, त्यामुळे मुली पाचच. ह्याचा मला वैयक्तिक राग आहे. शिबिराच्या जाहिरातीत "स्पोर्ट्स डाएट" लिहिलंय, प्रत्यक्षात भात, आमटी, अंडं एकाआड एक दिवस आणि शनिवारी चिकनचा रस्सा ज्यात चिकन शोधावं लागतं. मुलगा म्हणतो रस्सा छान असतो.

ह्यांनी परवा विचारलं, मग पुढच्या वर्षी घालायचाय का परत. मी हो म्हटलं. प्रोसाठी नाही. नऊला झोपतो, मोबाईल मागत नाही, हरून आला तरी जेवतो, आणि पुढेमागे राज्यापर्यंत खेळून पदक आणलं तर सरकारी नोकरीत ५ टक्के खेळाडूंचं आरक्षण आहे, पोलीस, रेल्वे, बँका अजूनही कबड्डीवाले घेतात, आमच्या घराला तेवढी चांदणी पुरे. ह्यांचं मत वेगळंय, ते म्हणतात १८०० मध्ये गणिताची शिकवणी होते. होते, मान्य.

नवीन बॅच १५ जूनला सुरू होते. फी हप्त्याने भरता येते, पण ते स्वतःहून सांगत नाहीत, विचारावं लागतं. आणि मॅटचा दाराकडचा डावा कोपरा उसवलाय, दोन वर्षं तसाच आहे, अंगठा अडकतो, पोरगं कोपऱ्यात खेळणारं असेल तर पहिल्याच दिवशी सांगून ठेवा.